गैरहजर

बाबांच्या पायात बूट जात नव्हता. मी खाली बसून लेस पूर्ण मोकळी केली, बुटाची जीभ बाहेर ओढली, तरी टाच अर्ध्यावर अडत होती. पाय इतके सुजले होते की बोटाने दाबलं तर खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा.

"राहू दे, निमा," बाबा म्हणाले. "चपला दे. सभागृहात चपला चालतात."

"डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?"

"ऐकलं."

एवढ्या एका शब्दानेही त्यांना धाप लागली. पलंगाची कड धरून ते श्वास घेत राहिले, पण दुसऱ्या हाताने जॅकेटची बटणं लावणं चालूच होतं.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही होतो. माझे वडील, वासुदेवराव ढोके, तेव्हा सत्ताधारी पक्षाचे आमदार. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मी बँकेतून बिनपगारी रजा घेऊन त्यांच्यासोबत राहत होते. आदल्या संध्याकाळी त्यांना मशीनवर घेतलं होतं, पण अर्ध्यातच बीपी एकदम खाली आला आणि सगळं थांबवावं लागलं. अंगातलं पाणी अंगातच राहिलं. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून कित्येक रात्री ते पाठीमागे उशा रचून बसूनच काढत होते.

सकाळी रक्ताचा रिपोर्ट बघून डॉ. नानोटी बाईंनी मला बाजूला घेतलं होतं. "पोटॅशियम फार वाढलंय. आत्ताच मशीन लावायचं आणि अगदी सावकाश चालवायचं. दुपार होईल. हे असे उठून गेले तर हृदय कधी थांबेल, मी सांगू शकत नाही. जिन्यातसुद्धा थांबेल."

आणि अकरा वाजता विधानसभेत मतदान होतं.

त्या मतदानाचं आधी सांगायला हवं. महिनाभरापूर्वी आमच्या पक्षातले बरेच आमदार फुटून विरोधकांना जाऊन मिळाले होते. विधानसभेचे अध्यक्ष त्याच गटातले. ते मनाने तिकडे गेले, खुर्चीवरून मात्र उठले नाहीत. सरकारने विश्वासदर्शक ठराव मांडला, तेव्हा दोन्हीकडची डोकी मोजायला सुरुवात झाली. सरकारच्या बाजूला एक डोकं जास्त निघालं. बाबा आले नाहीत तर दोन्ही बाजू सारख्या, आणि सारख्या झाल्या की निर्णायक मत अध्यक्षांचं. ते कुणीकडे पडणार हे शाळेतल्या पोरांनीही सांगितलं असतं.

थोडक्यात, त्या दिवशी राज्याचं सरकार माझ्या वडिलांच्या त्या सुजलेल्या पायांवर उभं होतं.

आठवडाभर आधी आमदार निवासात विरोधकांकडून एक गृहस्थ येऊन गेले होते. सफारी घातलेले, बोलायला अतिशय मऊ. ते म्हणाले, "भाऊ, मद्रासच्या मोठ्या दवाखान्यात सगळी सोय करतो. किडनी, ऑपरेशन, नंतरची औषधं. तुम्हाला रांगेत थांबावं लागणार नाही. पक्ष सोडा असं आम्ही म्हणत नाही, विरोधात मत द्या असंही म्हणत नाही. त्या दिवशी फक्त दवाखान्यातून उठू नका." बाबांनी त्यांना पाणी पाजलं आणि दार दाखवलं. मी पडद्यामागे उभी होते. खरं सांगायचं तर तो माणूस जिना उतरत होता तेव्हा त्याला परत हाक मारावी असं मला वाटलं होतं. सव्विसाव्या वर्षी बाप मरताना बघावा लागणं म्हणजे काय, ते त्या वेळी माझ्याशिवाय तिथे कुणालाच कळत नव्हतं.

त्यात एका वर्तमानपत्राने छापलं, 'ढोके संपर्काबाहेर, तेही वाटेवर?' त्या वेळी बाबा मशीनवर होते, म्हणून फोन उचलला नव्हता. पण ते छापून आलं आणि बाबांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली.

"मी आज गेलो नाही ना," ते मला त्या सकाळी म्हणाले, "तर आजारी होता असं कोणी म्हणणार नाही. विकला गेला म्हणतील. मेलो तरी तेच म्हणतील."

"म्हणू देत."

"तुला म्हणतील, वासुदेव ढोकेची पोरगी. त्याचं काय?"

मी बोलणार तेवढ्यात दार उघडून देवधरे आत आले. देवधरे म्हणजे आमच्या पक्षाचे मुख्य प्रतोद. मतदानाच्या वेळी पक्षाचा एकेक आमदार सभागृहात हजर ठेवणं हे त्यांचं काम. महिनाभराच्या जागरणाने त्यांचे डोळे लाल झाले होते.

"झाली तयारी? खाली अँब्युलन्स उभी आहे. ऑक्सिजन आहे, नर्स आहे. स्ट्रेचरवरून थेट सभागृहाच्या दारापर्यंत नेऊ. मतदान झालं की लगेच परत."

"आणि वाटेत काही झालं तर?" मी विचारलं.

"ताई, दहा मिनिटांचा रस्ता आहे."

"डॉक्टर नाही म्हणाल्यात."

"डॉक्टर नाहीच म्हणतात." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "ताई, हे सरकार पडलं तर भाऊंच्या कालव्याचं काम पुन्हा दहा वर्षं मागे जाईल. विचारा त्यांना. आणि आजारी माणूस स्ट्रेचरवरून मत द्यायला येतो, हे सगळा महाराष्ट्र बघेल."

फोटोचाही विचार करून झाला होता तर. मला त्या क्षणी दोन्ही बाजू सारख्याच वाटल्या. एकाला बाबा पलंगावर हवे होते, दुसऱ्याला स्ट्रेचरवर. मी देवधऱ्यांना काहीतरी तोडून बोलणार होते, पण मागून कुणीतरी खाकरलं.

दारात तुळशीराम काळबांडे उभे होते.

काळबांडे काका आमच्या शेजारच्या कोळंबी मतदारसंघाचे आमदार, आणि विरोधी पक्षाचे. पूर्वी दोन्ही तालुक्यांचा मतदारसंघ एकच होता. तेव्हा एकदा बाबांनी त्यांना पाडलं, एकदा त्यांनी बाबांना. पुढे मतदारसंघ वेगळे झाले, तर भांडायला कालव्याचं पाणी मिळालं. काळबांड्यांनी बाबांना कोर्टात खेचलं होतं, भर सभेत त्यांची नक्कल केली होती. बाबांनी त्यांचा उल्लेख कधी 'तो कोळंबीचा माणूस' याच्यापलीकडे केल्याचं मला आठवत नाही. माझ्या लग्नाच्या बोलण्यात कोळंबीचं एक स्थळ आलं होतं, ते बाबांनी गावाचं नाव ऐकूनच परत पाठवलं.

ते आता धोतर सावरत आत आले. हातात संत्र्यांची पिशवी.

"हे तुम्ही आणलंत?" मी पिशवीकडे बघत म्हटलं. "संत्र्यात पोटॅशियम असतं, यांना ते विष आहे."

"असं?" ते गोंधळले. "मले नव्हतं माहीत, पोरी. नागपुरात येऊन दुसरं काय आणणार?" त्यांनी पिशवी खिडकीत ठेवली आणि बाबांकडे वळले. "वासुदेवा, मले बोलायचं आहे. दोघंच."

देवधरे मध्ये आले. "काळबांडेसाहेब, तुम्ही इथे कशाला आलात हे आम्हाला कळतं. आमच्या सदस्याला तुम्ही..."

"देवधरे," बाबा म्हणाले, "बाहेर थांबा. निमा, तूही."

"बाबा!"

"दोन मिनिटं."

आम्ही बाहेर आलो. दाराला वर काचेचा चौकोन होता. त्यातून मी बघत राहिले. काळबांडे स्टूल ओढून बसले आणि वाकून बोलायला लागले. बाबांनी रागाने हात उडवला. काळबांडे बोलतच राहिले. बाबांनी मान हलवली, नाही, नाही. मग काळबांड्यांनी आपला हात पुढे केला, तळवा वर करून. बाबा त्या हाताकडे आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. किती वेळ, कोण जाणे. शेवटी बाबांनी त्या हातावर हात ठेवला आणि स्वतःच जॅकेटचं पहिलं बटण काढलं.

मी काचेपासून मागे सरले.

बाबांनी मला हाक मारली. "नानोटी बाईंना सांग, मशीन लावा म्हणावं. मी जात नाही."

देवधरे आत धावले. "भाऊ! काय बोलताय काय तुम्ही? काय दिलं यांनी तुम्हाला? काय कबूल केलं?"

"तुम्ही जा, देवधरे. उशीर होईल. तिकडे तुमची गरज आहे."

"म्हणजे पेपरात आलं ते खरंच होतं तर," देवधरे म्हणाले. "महिनाभर मी जिथे-तिथे सांगत होतो, ढोके तसे नाहीत. माणूस ओळखता येत नाही हेच खरं." आणि ते निघून गेले. जिन्यावर त्यांची पावलं वाजली, मग खाली अँब्युलन्सचं दार आपटलं.

बाबांनी उरलेली बटणं काढली आणि जॅकेट माझ्याकडे दिलं.

मला हवं होतं तेच झालं होतं. रात्रभर मी हेच मागत होते. बाबा जाणार नव्हते, मशीन लागणार होतं, ते जगणार होते. मग रडू कशाचं येत होतं? नर्सने सुया टोचल्या, नळ्यांतून लाल रक्त फिरायला लागलं, आणि मी भिंतीला टेकून विचार करत राहिले. काय दिलं असेल? मद्रास? की कालव्याचं पाणी? आठवडाभरापूर्वी त्या सफारीवाल्याला दार दाखवणारे बाबा आज या माणसाच्या हातावर हात ठेवतात, तर त्या हातात काय होतं?

"काय म्हणाले ते?" मी बाबांच्या कानाशी विचारलं.

"मग सांगतो. पडू दे जरा."

काळबांडे गेले नव्हते. त्यांनी स्टूल पलंगाच्या पायथ्याशी ओढून घेतलं आणि ठाण मांडून बसले. संत्र्याची पिशवी मांडीवर घेतली आणि एक संत्रं सोलायला लागले. साल पिशवीत, फोडी तोंडात. जसं काही गाडीची वाट बघत स्टेशनवर बसलेत.

मला राहवेना. "काका, तुमचं काम झालं ना? आता जा तुम्ही."

"नाही झालं अजून. मतदान होईतोवर बसायचं आहे."

"ते उठून पळतील असं वाटतं का तुम्हाला? सुया टोचल्यात त्यांना. पहारा द्यायची गरज नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होते. मग बाबांकडे बघून पुन्हा संत्र्याकडे वळले. बाबांनी डोळे मिटलेले होते.

काळबांड्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि बंद केला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "याची बॅटरी कशी काढतात? पोरानं घेऊन दिला, मले याचं काही समजत नाही." मी रागारागाने मागचं झाकण उघडून बॅटरी काढून त्यांच्या हातात दिली. आपण काय करतोय ते मलाही कळलं नाही.

तिथे बसवेना म्हणून मी बाहेर नातेवाइकांच्या बाकांकडे गेले. भिंतीवर टीव्ही होता. दहा-बारा माणसं माना वर करून बघत होती. विधानभवनाबाहेर उभी राहून एक मुलगी घाईघाईने बोलत होती. "वासुदेव ढोके सभागृहात आलेले नाहीत... प्रकृतीचं कारण दिलं जातंय, मात्र..."

"प्रकृती!" बाकावरचा एक माणूस हसला. "यांची प्रकृती बरोबर मतदानाच्याच दिवशी बिघडते."

"विकला गेला," दुसरा म्हणाला. "आणखी काय?"

मी तिथेच उभी राहिले. बाबा म्हणाले होते ते शब्दाला शब्द तसंच. मला वाटलं, या माणसांना हाताला धरून आत न्यावं, त्या नळ्या दाखवाव्यात. पण मग काळबांडेही दिसले असते. त्यांच्याबद्दल काय सांगणार होते मी?

मतदान सुरू झालं होतं. टीव्हीवरची मुलगी सांगत होती, सरकार पडल्यात जमा आहे, समसमान मतं पडणार आणि अध्यक्ष निर्णय देणार. मग तिने कानातलं यंत्र दाबून धरलं. थांबली. कपाळाला आठी पडली.

"एक मिनिट... धक्कादायक बातमी येते आहे. ठराव मंजूर झाला आहे. सरकारने विश्वासदर्शक ठराव एका मताने जिंकला आहे. ढोके गैरहजर असूनही. विरोधकांचं एक मत कमी पडलं आहे. त्यांचाही एक सदस्य सभागृहात आलेला नाही."

बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

"विरोधी पक्षाचे कोळंबीचे आमदार तुळशीराम काळबांडे सकाळपासून बेपत्ता असल्याचं आता समजतंय. त्यांचा फोन बंद येतो आहे. पक्षाचे नेते त्यांचा शोध घेत..."

ती बॅटरी मीच काढली होती.

मी वळले. काचेच्या चौकोनातून आत बघितलं. बाबांच्या पोटरीत गोळा आला होता, मशीनवर असताना तसा यायचा. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. आणि काळबांडे काका स्टुलावरून उठून, धोतर खोचून, बाबांचा पाय दोन्ही हातांनी मांडीवर घेऊन पोटरी चोळत होते. नर्स शेजारी उभी राहून सांगत होती, अजून वर, हां, तिथेच.

मी दार ढकलून आत गेले. म्हटलं, "सरकार वाचलं."

"एका मतानं?" काळबांड्यांनी हात न थांबवता विचारलं.

"हो."

"मग बरोबर आहे हिशोब." आणि बाबांना म्हणाले, "पाय ढिला सोड, वासुदेवा. दगडासारखा काहून धरून राहिला?"

बाबांनी डोळे उघडले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळत होतं. ते गोळ्यामुळे असेल.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही सकाळी बाबांना काय सांगितलं?"

"सांगायचं काय? तू इथं पडून राहा, मी इथं बसून राहतो. तू गेला नाही तं तुमचं एक कमी, मी गेलो नाही तं आमचं एक कमी. म्हणजे तू गेल्यासारखंच झालं."

"आणि बाबांनी विश्वास ठेवला?"

उत्तर बाबांनी दिलं. आवाज बारीक होता. "त्यानं मला पाडलं. कोर्टात उभं केलं. सभेत माझी चाल करून दाखवली. पण इतक्या वर्षांत माझ्याशी खोटं बोलल्याचं आठवत नाही."

"पण हजर राहायचाच असा तुमच्या पक्षाचा व्हीप होता," मी काकांना म्हटलं. "तुमची आमदारकी जाईल."

"जाईल तं जाईल."

"का केलंत असं?"

पोटरी सुटली होती. त्यांनी बाबांचा पाय हळूच पलंगावर ठेवला, वर चादर ओढली आणि स्टुलावर बसून कपाळाचा घाम पुसला.

"काल आमच्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, ढोके तुमच्या भागातला, तुम्हीच जा, उद्या तो दवाखान्यातून उठला नाही पाहिजे. मी म्हटलं, नाही उठणार. शब्द दिला. उठला का हा? नाही ना?" ते हसले, मग गंभीर झाले. "मले हे सरकार नको आहे, पोरी. अजूनही नको. तुमच्यातले फुटून आले तेव्हा मी सोता हार घातले त्यायले. पडलं असतं तं मी गुलाल खेळलो असतो. पण रात्री पडल्या पडल्या मनात आलं, उद्या गावात गेल्यावर लोक विचारतील, तुळशीराम, सरकार कसं पाडलं? तं काय सांगू? वासुदेवाले लघवी होत नव्हती, म्हणून पाडलं?"

नर्स तोंडावर हात धरून हसली. आणि मग बाबा हसले. धाप लागेपर्यंत हसले, मशीन पिंपिं वाजायला लागलं, नानोटी बाई धावत आल्या आणि आम्हा सगळ्यांना त्यांनी रागावून गप्प केलं. मी खाली बसले आणि हसता हसता रडले. त्या माणसाला मी पहारेकरी म्हणाले होते. मी त्यांच्या पायांना हात लावला तर ते म्हणाले, "हे काय? उठ, उठ. चहा कुठं मिळते खाली, ते सांग."

पुढे बरंच झालं. खाली पत्रकारांनी गराडा घातला तेव्हा काकांनी सगळ्यांना सांगितलं, पोट बिघडलं होतं. पक्षाने त्यांना नोटीस पाठवली, पण काढून टाकलं तर स्वतःचंच आणखी एक डोकं कमी होतंय हे लक्षात आल्यावर पंधरवड्याच्या आत माफही करून टाकलं. पुढच्या निवडणुकीत मात्र तिकीट दिलं नाही. ते अपक्ष उभे राहिले आणि आपटले. देवधरे आठ दिवसांनी बाबांना भेटायला आले, बराच वेळ पलंगाशेजारी नुसते बसून राहिले. ज्या सरकारसाठी हे सगळं, ते वर्षभरात दुसऱ्याच कुठल्या भांडणावरून पडलं. बाबांना त्याच उन्हाळ्यात माझ्या आत्याने किडनी दिली. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले, आणि त्यातली निदान सात वर्षं त्यांनी कालव्याच्या पाण्यावरून काळबांड्यांशी भांडण्यात घालवली. कोर्टातली ती केस दोघांपैकी कुणीही मागे घेतली नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दुपारी मशीन थांबलं, सुया निघाल्या आणि बाबांनी कूस बदलली. मी पाठीमागे उशा रचायला गेले तर म्हणाले, "नको." एकाच उशीवर डोकं ठेवून ते आडवे झाले आणि बघता बघता झोपले. श्वास शांत चालू होता. मी त्यांच्या छातीकडे बघत बसले होते. खाली, वर. खाली, वर. घाई नाही, धडपड नाही.

मग मी बाहेर जाऊन गावी आईला फोन लावला. ती सकाळपासून रेडिओजवळ बसली असणार.

"आई, बाबा झोपलेत."

"कसे झोपलेत?"

"सपाट. एका उशीवर. घोरतायत."

पलीकडे तिने नाक ओढलं.

"आणि ते सरकार?" तिने विचारलं.

"आहे ना," मी म्हटलं. "तेही आहे."